कळव्याच्या टेबलावर उलगडणारे पोट

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेने १९९२मध्ये सुरू केले. तिथे एमबीबीएसला आलेली मुले पहिल्याच वर्षी डिसेक्शनला उभी राहतात. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांना झोंबतो, आणि समोरच्या देहाकडून पुढची चाळीस वर्षे पुरेल एवढे शिकायचे असते. त्यात पोटाचा रक्तपुरवठा सर्वांत अवघड, आणि मला विचाराल तर सर्वांत देखणा.

कण्याच्या पुढून उतरणाऱ्या महारोहिणीतून पोटातल्या पचनेंद्रियांसाठी तीन रोहिण्या निघतात. पहिली सिलिॲक ट्रंक. लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर, पण जठर, यकृत, प्लीहा आणि स्वादुपिंडाचा बराचसा भाग तिच्यावर जगतो. तिच्या थोडी खालून सुपीरियर मेसेंटेरिक निघते. जवळजवळ सगळे लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा पहिला अर्धा भाग तिचा. उरलेले मोठे आतडे इन्फीरियर मेसेंटेरिककडे. ही वाटणी गर्भातच ठरते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढते आतडे पोटात मावेनासे होऊन नाळेत शिरते, दहाव्याच्या सुमारास परत येते, आणि या प्रवासात सुपीरियर मेसेंटेरिकभोवती २७० अंशांत फिरते.

पुस्तकात रोहिणी लाल आणि नीला निळी. टेबलावर मात्र सगळेच करडे-तपकिरी. आडवे मोठे आतडे वर उचलायचे, लहान आतडे बाजूला सारायचे, चिमट्याने चरबी सोडवत जायचे. मग आंत्रबंधाच्या मुळाशी ती रोहिणी दोरीसारखी बोटाला लागते.

रोगही याच नकाशावर चालतात. अपेंडिक्सचा पुरवठा बहुधा एकाच बारीक रोहिणीवर. सुजेने ती बंद पडली की अपेंडिक्स सडून फुटतो. आद्यांत्राच्या मागून जाणाऱ्या रोहिणीपर्यंत व्रण पोचला तर रक्तस्राव जिवावर बेततो. डाव्या बरगड्यांखाली, जिथे मोठे आतडे खाली वळते, तिथे दोन रोहिण्यांच्या हद्दी मिळतात. रक्तदाब फार उतरला की त्या वळणाला मोठा धोका. आणि परतीचे रक्त? ते थेट हृदयाकडे जात नाही. स्वादुपिंडाच्या मानेमागे तयार होणारी पोर्टल व्हेन ते आधी यकृतात नेते. यकृताला मिळणाऱ्या रक्तातले सुमारे तीन चतुर्थांश हेच. सिरॉसिसने ही वाट तुंबली की रक्त अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या नीलांकडे वळते, त्या फुगतात, फुटतात, आणि माणूस रक्ताची उलटी करत दवाखान्यात येतो.

हे सारे पडद्यावर त्रिमितीत दिसते, मग देह कशाला? कारण पडद्यावरचे पोट एकच असते. प्रत्यक्षात कोणाच्या यकृताची उजवी रोहिणी भलत्याच ठिकाणाहून, सुपीरियर मेसेंटेरिकमधून आलेली असते. आणि हे काही फार दुर्मीळ नाही. पित्ताशय काढताना सर्जनने ती चुकून बांधली तर? अशी गाठ आधी टेबलावर पडलेली बरी.

१९४९च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस देह महाविद्यालयांना देण्याची सोय केली. पण केवळ बेवारसांवर शिक्षण चालवणे मला योग्य वाटत नाही. म्हणूनच डोंबिवलीच्या दधीची देहदान मंडळासारख्या संस्थांचे काम मोलाचे. स्वतःहून दिलेल्या देहामागे इच्छा असते, घरच्यांची साथ असते.

देहदानाचा अर्ज भरून कपाटात ठेवला असेल तर तो आजच घरच्यांना दाखवा. शेवटचा निर्णय त्यांच्याच हाती असतो. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो, शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि उशीर चालत नाही. नेत्रदान मात्र आधी करता येते. महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा नंबर घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवा.