सोडू की धरून ठेवू?



एकदा रात्री साडेनऊला एका गटाच्या सचिवताईंचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, उद्यापासून मी सचिव नाही. वही कुणाच्या घरी टाकू तेवढं सांगा." सात वर्षं त्या गटाचं लिखाण त्यांनीच केलंय. त्या दिवशी बैठकीत कोणीतरी बोलून गेलं होतं, "तुला काय, तुझ्या हातात पेन आहे." तेवढंच निमित्त झालं.

मी म्हटलं, "ताई, वही उद्या कुठंच टाकू नका. पंधरा दिवस थांबा, मी येते." पंधरा दिवसांनी गेले तेव्हा राग उतरला होता. पण "सोडायचंय" हे म्हणणं तसंच होतं, आणि आता त्याला कारणं होती. मुलगी बाळंतपणाला येणार, स्वतःचे गुडघे दुखतात आणि सात वर्षांत दुसरं कोणी शिकलंच नाही. मला ते पटलं. रागाच्या भरात सुचलेली गोष्ट पंधरा दिवसांनंतरही तेवढीच खरी वाटली, तर ती रागाची नसते.

(हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. माझा स्वतःचा राजीनामा दोनदा लिहून झालाय. दोन्ही वेळा पावसात गाडी बंद पडली होती आणि त्याच दिवशी बैठकीला तिघीच आल्या होत्या. दोन्ही कागद सकाळी फाडले.)

तेव्हापासून मी फिरताना हेच विचारत गेले. तुम्ही काय काय सोडायचं म्हणता? उत्तरं फार वेगवेगळी आली. कोणाला पद सोडायचंय, कोणाला नोकरी, कोणाला गटाचा धंदा, तर कोणाला गटच. आणि जवळजवळ प्रत्येकीचं पुढचं वाक्य एकच, "पण एवढं केलं, आता कसं सोडायचं?" या वाक्यावर जरा थांबू या, कारण बायकांचे सगळ्यात जास्त पैसे आणि वर्षं या वाक्यातच अडकलेली मला दिसतात.

एका गटाची गोष्ट सांगते. नाव नको, हिशेब मात्र त्यांच्या परवानगीनं देते. दहा जणींचा गट. शेवयांचं यंत्र घेतलं ४८,००० रुपयांना, ग्रामसंघाकडून कर्ज काढून. मुद्दलाचा हप्ता महिना २,००० रुपये, २४ महिने, आणि वर व्याज. हप्त्यासाठी प्रत्येकी २०० रुपये वर्गणी काढायच्या, यंत्राच्या पैशातून व्याज जायचं. चौदा हप्ते झाले आणि बैठकीत भांडण लागलं. पाच जणी म्हणाल्या विकून टाका, बाकीच्या म्हणाल्या, "२८,००० भरले, आता विकायचं?"

मी म्हटलं, आधी वही काढा.

शेवयांचा हंगाम फेब्रुवारी ते मे. या चार महिन्यांत करणावळीचे महिन्याला साधारण ६,५००, म्हणजे २६,००० जमा. बाकीचे आठ महिने कधी लग्नाचं काम, कधी डोहाळजेवणाचं, महिन्याला ८०० धरून ६,४००. वर्षाची जमा ३२,४००. आता खर्च. खोलीचं भाडं महिना १,००० प्रमाणे १२,०००. लाइटबिल ७,२००. तेलपाणी, जाळी, दुरुस्ती ३,५००. एकूण २२,७००. उरले ९,७००.

"बघा, फायदाच आहे की," एक काकू म्हणाल्या. मग मी विचारलं, यंत्रावर बसतं कोण? रोज दोघी, पाच पाच तास, गिऱ्हाईक येवो न येवो. हंगामाचे १०० दिवस आणि एरवीचे आठवड्यातले दोन दिवस मिळून दोघींच्या ३२८ पाळ्या झाल्या होत्या. ९,७०० भागिले ३२८. एका पाळीला ३० रुपयेसुद्धा पुरते नाहीत. काकूंनी मोबाइलवर स्वतः दोनदा करून बघितलं, मग फोन खाली ठेवला.

आपल्या बायकांच्या हिशेबात हे नेहमी राहून जातं. लाइटबिल लिहितो, तेल लिहितो, स्वतःचा वेळ लिहीत नाही. तो फुकटच आहे असं धरलेलं असतं. तो वहीत घेतल्याशिवाय धंदा चालतोय की आपण धंदा ओढतोय, हे कळायचं नाही.

आता ते भरलेले २८,०००. यंत्र ठेवलं काय, विकलं काय, ते परत येणार नाहीत. ते गेले. म्हणून निर्णय करताना ते मोजायचेच नाहीत. हे ऐकायला कडू लागतं, मलाही लागतं. पण पुढचं काय तेवढंच मोजायचं. जुन्या यंत्राला तालुक्याचा दुकानदार २२,००० देत होता. मुद्दल २०,००० राहिलं होतं. विकलं तर कर्ज फिटून दोन हजार हाताशी आणि दरमहाची २०० रुपयांची वर्गणी बंद.

दुसरी बाजू पण मांडली. हंगाम वेगळा काढून बघितला. हंगामाची जमा २६,०००, लाइट ५,०००, दुरुस्ती ३,०००. भाडं नसतं तर १८,००० उरतात, म्हणजे पाळीला ९०. एरवीच्या आठ महिन्यांत मात्र जमा ६,४०० आणि खर्च १०,७००. म्हणजे चार महिने कमवायचं आणि आठ महिन्यांत त्यातलं ४,३०० घालवायचं, असं चाललं होतं.

९० रुपये म्हणजे फार नाहीत. पण एकीनं मुद्द्याचं विचारलं, "उन्हाळ्यात दुसरं काम कुठं आहे?" खुरपणी, सोयाबीन काढणी चालू असताना पाच तासांचे ९० रुपये परवडत नाहीत. एप्रिलमध्ये रानात काहीच नसतं, तेव्हा परवडतात. तोच वेळ, पण त्याची किंमत महिन्यागणिक बदलते.

शेवटी त्यांनी यंत्र विकलं नाही, पण आठ महिन्यांचा धंदा सोडला. खोली सोडली, यंत्र एका सदस्याच्या पडवीत नेलं. मीटरचं काय ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घेतलं. आणि ठरावात एक ओळ जास्तीची लिहिली: मेअखेर खर्च जाऊन १५,००० उरले नाहीत, तर जूनमध्ये यंत्र विकायचं, पुन्हा चर्चा नाही. दोघींना हे पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणंही ठरावात आहे. मेअखेर १६,४०० उरले. यंत्र सध्या पडवीत आहे, झाकून.

ती आकड्याची ओळ मला फार आवडली. कारण मे महिन्यात १२,००० उरले असते, तर "अजून एक वर्ष बघू" म्हणणारी कोणीतरी निघालीच असती. डोकं शांत असताना आकडा आणि तारीख लिहून ठेवली की पुढं भांडण होत नाही.

नोकरीचं थोडं वेगळं आहे, कारण तिथं ठराव करायला दहा जणी नसतात, एकटीलाच ठरवावं लागतं. आपल्याच एक ताई तालुक्याला कपड्याच्या दुकानात आहेत, म्हणजे होत्या. पगार ६,५००. सकाळी नऊला निघायचं, रात्री आठला घरी. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी संध्याकाळची बस चुकली की वडाप. जाण्यायेण्याला ९०० जात. घरी कोणी नाही म्हणून पोराची शिकवणी लावली, तिचे ५००. हातात ५,१००. त्यांना वाटत होतं आपण साडेसहा हजारांची नोकरी सोडतोय.

मी त्यांना एकच विचारलं, सोडायच्या आधी बदलून मागितलं का? अकरा ते सहा करा, पगार थोडा कमी द्या, असं मालकाला म्हणून बघितलं का? नव्हतं बघितलं. आपण सहन करतो, सहन करतो आणि एके दिवशी एकदम सोडतो. मधलं मागणं जमतच नाही. त्यांनी मागितलं, मालक नाही म्हणाला. मग त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलं, कारण दिवाळीला वरचे पैसे मिळतात. तोवर दोन महिन्यांचा किराणा भरेल एवढं बाजूला टाकलं, शिवणयंत्र दुरुस्त करून घेतलं, गावात ब्लाउज शिवायला कोण कोण देईल ते विचारून ठेवलं आणि पाडव्यानंतर सोडली. पहिल्या महिन्यात शिवणाचे १,९०० मिळाले. हे ५,१०० नाहीत, त्यांना ते माहीत होतं.

पण कामाच्या जागी कोणी अंगचटीला येत असेल, घाण बोलत असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. तिथं दिवाळीपर्यंत थांबायचं नसतं. २०१३ च्या कायद्यानं त्याविरुद्ध लेखी तक्रार करता येते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथंच अंतर्गत समिती असायला हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. नोकरी सोडली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. लिहायला अडचण असेल तर मला बोलवा, किंवा १८१ ला फोन करा. घरी काय म्हणतील या भीतीनं नुसती नोकरी सोडून गप्प बसलेल्या दोघी मला माहीत आहेत.

गट सोडायचा म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. सोडता येतो, कोणी बांधून ठेवलेलं नाही. पण बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं. एक जण निघाली म्हणून बँकेचा हप्ता कमी होत नाही, तो उरलेल्यांच्या अंगावर पडतो. म्हणून आधी स्वतःकडचं कर्ज पूर्ण भरा किंवा बचतीतून वळतं करा, मग गटाच्या नियमावलीप्रमाणे उरलेली बचत घ्या, ठराव लिहा आणि पासबुकावर "हिशेब पूर्ण" अशी सही घ्या. "मी गट सोडला" असं चौकात सांगितल्यानं गट सुटत नाही. आणि उरलेल्यांनीही निघणाऱ्या बाईला वर्षभर बचतीसाठी हेलपाटे घालायला लावू नयेत. हे पण होतं आपल्याकडं, लपवून काय उपयोग.

आता सचिवताई. त्यांचं सगळं व्यवस्थित झालं, म्हणून कसं ते सांगते, कारण इतर गटांतही हा विषय येणारच आहे.

त्यांनी बैठकीत उभं राहून सांगितलं, कारणांसकट. तारीख दिली तीन महिने पुढची. कोणीच पुढं येईना. "आम्हाला कुठं लिहिता येतं" म्हणाल्या सगळ्या. मग कळलं, एक सून बारावी शिकलेली आहे, दीड वर्ष मागं बसते, कोणी तिला विचारलंच नव्हतं. पहिली बैठक सचिवताईंनी लिहिली आणि तिनं बघितलं. दुसरी तिनं लिहिली, ताई शेजारी बसल्या. तिसरी तिनं एकटीनं लिहिली, बेरजेत ४० रुपयांची चूक निघाली, ती तिथंच सापडली.

मग हस्तांतर. इतिवृत्त वही, रोकड वही, खातेवही, सदस्यांची पासबुकं, बँकेचं पासबुक, चेकबुक, शिक्का, पेटीची किल्ली, हातातली रोख. एकेक मोजून यादी केली, दोघींच्या सह्या, अध्यक्षांची सही, यादीची एक प्रत ताईंच्या घरी. ही प्रत ठेवाच. दोन वर्षांनी काही निघालं तर पद सोडलेल्या बाईकडंच बोट जातं.

आणि बँक. इथंच बहुतेक जणी चुकतात. वहीत सचिव बदलली तरी बँकेत जुनीच सही चालू राहते. पैसे काढताना जिची सही बँकेत आहे तीच जबाबदार धरली जाते, गावात पद कोणाकडंही असो. म्हणून ठरावाची प्रत, नवीन सचिवाचं आधार, पॅन, फोटो आणि बँकेचा फॉर्म घेऊन अध्यक्ष, जुनी सचिव, नवीन सचिव अशा तिघींनी मिळून जायचं. काय काय कागद लागतात ते आदल्या दिवशी बँक सखीला विचारून घ्या, नाहीतर एका फोटोसाठी दुसरी फेरी होते. आमच्या दोन झाल्या. ग्रामसंघालाही नवीन नाव कळवायचं.

बँकेतून बाहेर पडल्यावर सचिवताईंनी सुनेच्या हातात स्वतःचं पेन दिलं आणि म्हणाल्या, "हे गटाचं नाही हं, माझं आहे. पण ठेव." मग बसला वेळ होता म्हणून तिघींनी ऊसाचा रस घेतला. पैसे कोणी द्यायचे यावर पाच मिनिटं वाद झाला, ते अर्थात ताईंनीच दिले.

तुमच्या गटात कोणाचं पद, धंदा किंवा नोकरी असं अडकलेलं असेल तर येत्या मासिक बैठकीला वही घेऊन या. आपण बसून बेरीज करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक