चिंचोके गणित शिकवत नाहीत

"आमच्या वर्गात गणित कोपरा झाला." शिक्षण परिषदेत हे वाक्य अभिमानानं सांगितलं जातं. झाला म्हणजे काय, तर भिंतीला मणीमाळ टांगली, टोपलीत काड्यांचे गठ्ठे ठेवले, खेळातल्या नोटा, तराजू, पुठ्ठ्याचं घड्याळ मांडलं, फोटो काढला आणि गटावर टाकला. पुढे काय? "आता मुलं करतात की त्यांचं ते! साहित्य दिलंय ना."

नाही करत. प्राथमिक वर्गातल्या गणित कोपऱ्याविषयीचा हा सगळ्यात चिवट गैरसमज: साहित्य हाताळलं की गणित आपोआप डोक्यात शिरतं. 2015 मध्ये राज्य शासनाचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात पोचला. मूल स्वतः ज्ञान रचतं, हे बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ ते एकट्यानं रचतं आणि बाईंनी तोवर माहितीचे तक्ते भरावेत, असा कुणी काढला कोण जाणे!

एक उदाहरण घेऊ. दुसरी-तिसरीतलं मूल काड्या घेऊन 52 वजा 27 करतंय. पाच गठ्ठे, दोन सुट्या. ते काय करतं? पाचही गठ्ठ्यांची रबरं काढतं, बावन्न काड्यांचा ढीग करतं, त्यातल्या सत्तावीस एकेक मोजून बाजूला ठेवतं, उरलेल्या मोजतं आणि पंचवीस म्हणतं. उत्तर बरोबर. लांबून बघणाऱ्याला कोपरा छान चाललेला दिसतो. दहा मिनिटांनी तेच मूल वहीत तेच उदाहरण सोडवतं आणि 35 लिहितं, कारण एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून ते सातातून दोन काढतं. काड्यांशी झालेल्या खेळाचा वहीतल्या आकड्यांशी काडीचाही संबंध आलेला नसतो. दशक त्याला भेटलाच नाही. त्यानं फक्त मोजणी केली.

इथे बाईंचा एक प्रश्न लागतो: "सात सुट्या द्यायच्यात, तुझ्याकडे दोनच आहेत. मग किती गठ्ठे सोडशील?" एकच. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. आणि त्याच क्षणी, काड्या समोर असतानाच, वहीत पाच खोडून चार, दोनाच्या जागी बारा. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते हात आणि पेन्सिल एकाच वेळी चालल्यावर कळतं. काड्या सोमवारी आणि लेखी वजाबाकी गुरुवारी असं केलं, तर मुलाच्या लेखी ते दोन वेगळे विषय असतात.

हे माझं खासगी मत नाही. अमेरिकेतल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासक डेबोरा बॉल यांनी 1992 सालीच एका लेखात बजावलं होतं, की मोठ्या माणसाला वस्तूत गणित दिसतं ते त्याला ते आधीच येत असतं म्हणून. मुलाला तिथे नुसती वस्तू दिसू शकते. 2013 मध्ये 'जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी'त 55 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साहित्यानं फायदा होतो, पण तो लहान ते मध्यम प्रमाणात, आणि सोबतच्या मार्गदर्शनावर बराच अवलंबून, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे साहित्य टाकाऊ नाही. ते एकटं पुरत नाही, इतकंच.

मग तीस मुलं आणि एक बाई असताना करायचं काय? सगळे कोपरे सारखे चालवायचा हट्ट सोडायचा. नवा भाग एकाच कोपऱ्यात ठेवायचा, तिथे बाईंनी सहा-सात मुलांसोबत खाली बसायचं. बाकीच्या कोपऱ्यांत फक्त आधी शिकून झालेल्या भागाचा सराव: फाशांची बेरीज, नोटांचं दुकान, लांबी मोजणं. तिथे काय करायचं ते मुलांना आधी पक्कं ठाऊक हवं, नाहीतर दर दोन मिनिटांनी "बाई, पुढं काय?" आणि बाईंचा गट कोलमडला. म्हणूनच पहिले काही दिवस गणित कमी आणि साहित्य घेणं, मोजून परत ठेवणं, अडल्यास शेजाऱ्याला विचारणं, हेच जास्त शिकवावं लागतं. तो वेळ वाया जात नाही, हे भेटीला आलेल्या साहेबांना कोणीतरी सांगायला हवं.

आता बाकीचे समज, झटपट.

कोपरा जितका रंगीत, तितकं शिकणं जास्त? 2014 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या 24 मुलांवर प्रयोग केला. तक्त्यांनी भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि चाचणीत सुमारे 42 टक्के उत्तरं बरोबर आली; मोकळ्या भिंतींच्या खोलीत 55 टक्के. प्रयोग छोटा आहे, पण झिरमिळ्या लावण्याआधी आठवावा असा.

'साहित्याची सवय लागते.' लागते, जर ते कधीच काढून घेतलं नाही तर. आधी वस्तू, मग चित्र, मग नुसता आकडा, हा क्रम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960च्या दशकातच मांडला.

'कोपरे कच्च्या मुलांसाठी.' मग पक्क्या मुलानं वजनाचा अंदाज कुठे घ्यायचा?

'दोनशिक्षकी शाळेत हे जमणार नाही.' उलट तिथेच त्याची खरी गरज. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांची पद्धत आणि कर्नाटकातली 'नली-कली' पद्धत या दोन्ही बहुवर्ग अध्यापनातूनच, म्हणजे एकाच खोलीत अनेक इयत्ता शिकवण्यातून, घडल्या.

'पैसे लागतात.' ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत भोवतालच्या वस्तूंमधूनच साधनं उभी केली होती. काड्या, रबरं, चिंचोके, बाटल्यांची झाकणं यांना निधी लागत नाही. ती हरवतात मात्र खूप, म्हणून प्रत्येक टोपलीवर आतल्या वस्तूंची संख्या लिहून ठेवावी आणि सुट्टीआधी ती मुलांकडूनच मोजून घ्यावी.