नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला हवे काय?

महाराष्ट्रातील शाळांतून २६ जानेवारी २०२० पासून संविधानाच्या प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन अनिवार्य झाले. उपक्रम स्तुत्यच, परंतु पठणाने शब्द मुखोद्गत होतात, अर्थ उमगतोच असे नाही. तो उलगडण्याचे काम शिक्षकाचे. आणि त्याच्या हाती मात्र कलमांची यादी व परीक्षेचे गुण एवढेच असते. त्याला साहाय्य करावयाचे तर आणखी एक व्याख्यान नको; त्याच्याच परिसरातील एखादा खटला हवा.

मुंबईच्या उपनगरांत तो आहे. विलेपार्ले पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत १९६० च्या सुमारास कामराज नगर ही वस्ती उभी राहिली. जलवाहिन्या टाकणाऱ्या मजुरांनी ती वसविली, असे रहिवाशांचे म्हणणे होते. १९८१ मध्ये ही वस्ती व शहरातील पदपथांवरील झोपड्या हटविण्याची मोहीम निघाली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘ऑल्गा टेलिस’ खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचे सांगितले. त्याच निकालाने रस्ते मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. सामान्यतः पूर्वसूचना मात्र आवश्यक मानली आणि निष्कासन पावसाळ्यानंतर, ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबविले.

शहराला स्वस्त श्रम हवेत, श्रमिकाला कामाजवळ निवारा हवा आणि पादचाऱ्याला मोकळी वाट. अंधेरी किंवा घाटकोपरच्या वर्गात झोपडीतला व इमारतीतला विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. त्यांच्यासमोर हा विषय काढण्यास शिक्षक कचरतो, ते स्वाभाविक आहे. तथापि दोन्ही पक्षांचे युक्तिवाद मुलांकडूनच मांडून घेतले, तर शिक्षकाला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

याच अनुच्छेदाचा इतिहासही सांगता येतो. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या बहुमतात चंद्रचूड होते, न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ ची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली.

तेव्हा शिक्षण विभागाने आणि विधी महाविद्यालयांनी अशा निकालांचे सुबोध मराठी सारांश शिक्षकांच्या हाती द्यावेत व प्रशिक्षणात त्यांच्याकडून वाद-प्रतिवादाचा सराव करून घ्यावा. हक्क म्हणजे पाठ्यपुस्तकातील उत्तर नव्हे. तो मागावा लागतो, हे मुलांना शाळेतच कळले पाहिजे.