ओल कुठून आली?

आषाढात भिंतीवर पिवळट डाग उमटला की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर ‘वॉटरप्रूफ’ रंगाचे दोन हात देतो. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा दिसतो आणि कित्येकदा आधीपेक्षा हातभर वर.

वीट, जांभा, सिमेंटचा गिलावा हे सगळे सच्छिद्र असतात. दिव्याची वात तेल ओढते तशी त्यांतली छिद्रे पाणी वर ओढतात. छिद्र जितके बारीक, तितके पाणी उंच चढते. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते जेमतेम १५ सेंटिमीटर चढेल, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे दीड मीटर. प्रत्यक्ष भिंतीतून पाणी सतत उडूनही जात असते, म्हणून जमिनीची ओल बहुधा मीटरभर उंचीवर थांबते. आतून घट्ट रंग फासला की उडून जायची वाट बंद होते आणि ओल तेवढी वर सरकते. शिवाय पाणी उडाले तरी त्यातले क्षार मागे राहतात, गिलाव्याच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून फुटतो. भिंतीला लोणा लागतो तो असा. अशा भिंतीला आतल्या रंगाने काही साधत नाही. बाहेर साचलेली माती जोत्याच्या खाली उतरवा, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून लांब काढा आणि आत श्वास घेणारा चुन्याचा गिलावा करा.

छताची ओल वेगळी. मुंबईच्या उपनगरांत पावसाच्या चार महिन्यांत सरासरी दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर दोन लाख लिटरहून अधिक पाणी. ते वाहून गेले तर धोका नाही, साचले तर आहे. कोबा बहुधा मध्यभागी फुटत नाही. गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यात किंवा पावसाच्या पाइपच्या तोंडाशी भेग पडते, कारण उन्हाने स्लॅब आणि कठडा सारखे प्रसरण पावत नाहीत. म्हणूनच जाणते गवंडी तिथे काटकोन न ठेवता गोलसर वाटा करतात.

स्लॅबमधल्या गळतीकडे दुर्लक्ष मात्र करू नये. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतली सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरतो आणि ते संरक्षण संपवतो. त्यानंतर पाणी मिळाले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीटची खपली खाली पडते. छतातून सळई दिसू लागली, तर ते काम रंगाऱ्याचे उरलेले नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

डागाच्या नेमके वरच छिद्र असते असे नाही. पाणी स्लॅबवरून, सळईवरून सरकत भलतीकडे टपकते. म्हणून आधी डागाची वेळ पाहा. तो फक्त पावसातच वाढतो का? मग गच्ची किंवा बाहेरची भिंत. एप्रिलमध्येही ओला आहे? मग वरच्या मजल्याची मोरी किंवा नळाची पाइपलाइन. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर पाइपच गळतो आहे. मोरीसाठी जाळीचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून पाहतात. थंडीत कोपऱ्यात बुरशी आली असेल, तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवा. दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर ते हवेतले बाष्प, म्हणजे खिडकी उघडी ठेवणे हाच इलाज. थेंब फॉइलमागे असतील तर भिंतच ओली.

गळती बंद झाली तरी भिंत लगेच वाळत नाही. जाडीच्या दर इंचाला साधारण महिना धरायचा असा जुना अंदाज आहे. त्यामुळे गच्ची आणि बाहेरची भिंत दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावी, आणि आतला रंग भिंत पूर्ण कोरडी झाल्याशिवाय लावूच नये.