यकृत कठीण झाले, तरी उपाय संपत नाहीत

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'सिऱ्हॉसिस' हा शब्द दिसला की घरात हमखास दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, 'हा तर दारूचा आजार, आमच्याकडे कोणी घेत नाही.' दुसरे, 'आता काही उपयोग नाही.' दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो.

दारू हे सिऱ्हॉसिसचे मोठे कारण आहेच. पण हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणारे फॅटी लिव्हर यांमुळेही यकृत वर्षानुवर्षे हळूहळू खराब होते. पेशी मरतात, त्या जागी व्रण तयार होतात आणि मऊ यकृत कठीण, गाठीगाठींचे होते. या काळात रुग्णाला बहुधा काहीच त्रास नसतो. ताप नसतानाही रक्ततपासणीत प्लेटलेट सतत कमी येणे, एवढीच खूण कधी कधी मिळते.

त्रास सुरू होतो तो दाबामुळे. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून येणारे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या वाटेने येते. निरोगी माणसात यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांतील दाबाचा फरक १ ते ५ मिलिमीटर पारा इतकाच असतो. कठीण यकृतातून रक्त पुढे सरकत नाही, दाब वाढतो. हा फरक १० पर्यंत गेला की गुंतागुंत होण्याचा धोका सुरू होतो. अडलेले रक्त आडवाटा शोधते. त्यामुळे प्लीहा सुजते आणि अन्ननलिकेतील बारीक शिरा फुगतात.

फुगलेली शीर फुटली तर रक्ताची उलटी होते किंवा संडास डांबरासारखी काळी व चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण सिऱ्हॉसिसच्या रुग्णाने स्वतःच तसे ठरवू नये. रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट न पाहता, दुर्बिणीची आणि रक्तपेढीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तिथे दाब कमी करणारी इंजेक्शने व प्रतिजैविके देतात आणि दुर्बिणीतून फुगलेल्या शिरेवर रबरी बँड बसवतात. त्याहून चांगले म्हणजे शीर फुटण्याआधीच ती ओळखणे. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल ही गोळी हा धोका कमी करते. 'मला बीपी नाही, मग ही गोळी कशाला?' म्हणून अनेक जण ती बंद करतात. इथे ती पोर्टल शिरेतील दाबासाठी दिलेली असते. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे, परस्पर बंद करू नये.

दुसरी गुंतागुंत जलोदर, म्हणजे पोटात पाणी होणे. मीठ कमी करणे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हा पहिला उपचार. लोणचे, पापड, फरसाण बंद करावे. सैंधव मीठही मीठच आहे. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते आणि या गोळ्यांसोबत ते घातक ठरू शकते. पोट फार तणले तर सुईने पाणी काढता येते. पाच लिटरपेक्षा जास्त काढल्यास सोबत अल्ब्युमिन देतात, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो. या पाण्यात जंतुसंसर्गही होतो. ताप, पोटदुखी किंवा नुसती अचानक खालावलेली प्रकृती दिसली तरी पाणी तपासून घ्यावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण टाळाव्यात. त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

तिसरी गुंतागुंत मेंदूची. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने गाळला नाही की तो मेंदूपर्यंत पोहोचतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो, सहीचे वळण बदलते, चिडचिड वाढते, हात पुढे धरले की पंजे फडफडतात. घरच्यांना वाटते वय झाले किंवा झोप लागत नाही, आणि झोपेची गोळी दिली जाते. ती बेशुद्धीकडे नेऊ शकते. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तस्राव ही यामागची नेहमीची कारणे. लॅक्टुलोज हे औषध दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतके घ्यायचे असते. फार जुलाब होऊ लागले तर तेही वाईट.

'लिव्हर खराब आहे, डाळ-अंडी बंद' हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. सिऱ्हॉसिसमध्ये स्नायू झिजतात, म्हणून प्रथिने जास्त लागतात. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. डाळ, दही, पनीर, सोयाबीन, अंडी खावीत. खराब यकृत साखरेचा साठा करू शकत नाही, म्हणून कडक उपवास टाळावेत आणि झोपण्यापूर्वी दूध-पोळीसारखे काही खावे. काविळीवरच्या माळा, मंत्र आणि घटक माहीत नसलेली झाडपाल्याची औषधे यांपासून दूर राहावे.

मूळ कारणावर उपचार केले तर कठीण झालेले यकृतही काही प्रमाणात सावरते. दारू पूर्ण थांबवावी. रोज पिणाऱ्याने ती वैद्यकीय देखरेखीखाली सोडावी. हिपॅटायटिस सी बहुतेक रुग्णांत तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, तर बी औषधांनी काबूत राहतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी व औषधे मोफत मिळतात. यकृताच्या कर्करोगाचा धोका असल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी.

रक्तस्राव, जलोदर किंवा भ्रम यांपैकी काहीही पहिल्यांदा झाले, की त्याच वेळी यकृत प्रत्यारोपणाबद्दल डॉक्टरांना विचारावे. रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर हा विषय निघतो, तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.