डॉक्सिसायक्लिन आणि आपली भस्मे

पावसाळ्यात ज्वराचे अनेक रुग्ण डॉक्सिसायक्लिन चालू असतानाच आपल्याकडे येतात. हे औषध आपण लिहिलेले नसले, तरी त्याचे कार्य आपणांस ज्ञात असले पाहिजे. कारण आपल्याच कल्पांमुळे ते निष्प्रभ होऊ शकते.

टेट्रासायक्लिन वर्गातील हे प्रतिजैविक १९६७ पासून वापरात आहे. जिवाणूच्या रायबोसोमशी संयोग पावून ते प्रथिननिर्मिती रोखते व जिवाणूंची वाढ थांबते. सौम्य लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांत प्रौढांस १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, साधारणतः सात दिवस देतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली, तेव्हापासून हे नाव घरोघरी पोहोचले. डेंग्यूसारख्या विषाणुजन्य ज्वरावर मात्र त्याचा उपयोग नाही.

या गोळीने पुष्कळांना हृल्लास व छातीत जळजळ होते. रुग्ण अम्लपित्ताची तक्रार सांगतो आणि आपण सूतशेखर किंवा कामदुधा देतो. प्रस्तुत लेखकाकडूनही पूर्वी असे घडले आहे. शंख, कपर्दिक, प्रवाळ, मुक्ताशुक्ती ही द्रव्ये कॅल्शियमयुक्त, तर लोह व मंडूर ही लोहयुक्त. हे धातू आतड्यात डॉक्सिसायक्लिनशी बद्ध होतात व त्याचे शोषण घटते. ज्वर उतरत नाही. लेप्टोस्पायरोसिस बळावल्यास यकृत व वृक्क संकटात येतात.

कॅल्शियमयुक्त कल्प देणे अपरिहार्यच असेल, तर दोहोंत किमान दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या बाबतीत एवढे अंतर पुरत नाही. कारण पित्तावाटे आतड्यात परत आलेल्या औषधालाही लोह बांधून ठेवते. म्हणून नवायस लोह, पुनर्नवा मंडूर इत्यादी कल्प औषधक्रम संपेपर्यंत स्थगित ठेवणेच श्रेयस्कर. दुधाचे अनुपानही टाळावे. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व अर्धा तास आडवे होऊ नये. जळजळ बहुधा एवढ्यानेच कमी होते. गर्भिणी व आठ वर्षांखालील बालके यांच्याबाबत निर्णय चिकित्सकावरच सोपवावा.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की हे शेड्यूल एच मधील औषध आहे. चिठ्ठीवाचून, दोन-चार गोळ्या सुट्या करून ते देऊ नये. देताना 'भस्म, लोहाची गोळी किंवा अँटासिड चालू आहे काय?' एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. आपणही रुग्णपत्रकावर त्याच्या चालू औषधांची नोंद प्रथम करावी, मगच आपला कल्प लिहावा.