एफवायची यादी, एसवायची यादी

उच्च शिक्षणात मागे पडलेले ३७४ जिल्हे केंद्र सरकारने निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या सात जिल्ह्यांत जालन्याचे नाव होते. कसोटी एकच होती: महाविद्यालयात दाखल झालेल्या तरुणांचे प्रमाण १२.४ टक्के या देशाच्या सरासरीहून कमी असणे. त्या योजनेतून घनसावंगीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे मॉडेल कॉलेज आले आणि तालुक्यातल्या मुलामुलींसाठी ते मोलाचे ठरले. पण कसोटी दाखल होण्याची होती, टिकण्याची नव्हती. आजही अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणी दाखल झालेल्यांचेच प्रमाण ठळकपणे छापते. २०२१-२२ साली राज्याचे प्रमाण ३५.३ टक्के होते. शाळेतल्या गळतीचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, नाव घातलेल्यांपैकी किती जण एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, आले, याचा तसा आकडा मात्र या पाहणीत नसतो. महाविद्यालयाकडे दोन्ही वर्षांच्या याद्या असतात, पण त्या शेजारी ठेवून वाचायची सक्ती कोणावर नाही.

गळतीचे कारण विचारले की दोन उत्तरे तयार असतात: पोरगं अभ्यासात कच्चं होतं, किंवा घरी पैसा नव्हता. दोन्ही खरी आहेत, तरी अपुरी आहेत. माझे म्हणणे असे की जालन्यासारख्या जिल्ह्यात दुसरे वर्ष बहुतेकदा पहिल्या सत्रातच ठरते आणि ते ठरवणारी गोष्ट म्हणजे कॉलेजला रोज पोचता येणे. अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडले की विद्यार्थी अभ्यासाशी आणि कॉलेजातल्या माणसांशी जितका जोडला जातो तितका तो टिकतो. दहा वर्षांनी बीन आणि मेट्झनर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. वसतिगृहात न राहता घरून येजा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कॉलेजबाहेरच्या गोष्टी, म्हणजे काम, कुटुंब आणि हाती उरणारा वेळ, जास्त जड ठरतात. जालन्याचा विद्यार्थी बहुतांशी येजा करणाराच आहे. आठ तालुक्यांच्या गावांपैकी जालना, परतूर आणि बदनापूरला रेल्वे आहे. भोकरदन, जाफराबाद, अंबड, मंठा, घनसावंगी ही तालुक्याची गावे एसटीच्या भरवशावर आहेत.

या एसटीच्या सवलतीतच एक मोठी फट आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. बारावीपर्यंत वर्ग बहुधा गावात किंवा शेजारच्या गावात भरतो. पदवीसाठी तालुक्याला किंवा जालन्याला जावे लागते. म्हणजे अंतर वाढते त्याच जूनमध्ये मोफत पास बंद होतो. त्यानंतर विद्यार्थी सवलतीचा पास असतो, त्यात भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो. ही रक्कम फार नाही, असे कोणी म्हणेल. पण ती दर महिन्याला रोख लागते आणि शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडतात ते पुष्कळ उशिरा. शिवाय पास खिशात असला तरी गाडी यावी लागते. कोरोनानंतर २० ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातली महाविद्यालये उघडली आणि लगोलग एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या वर्षी एफवायला असलेल्या खेड्यातल्या मुलाला कॉलेज कितीसे दिसले असेल? पोचणे सोपे झाले तर काय होते, ते बिहारमध्ये दिसले: तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली मिळाल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी मोजले तेव्हा मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त दिसला. मुलींची बुद्धी किंवा घरची शेती बदलली नव्हती. रस्ता तेवढा आवाक्यात आला होता.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. पहिल्या सत्राचा शेवट आणि परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे येतात. सोयाबीनची काढणी तेव्हा नुकतीच उरकलेली असते आणि कापसाची वेचणी ऐन भरात असते. मजुराचा दर परवडत नाही, म्हणून घरातले मोठे मूल वेचणीला लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यावर जातात आणि एफवायचा मुलगा धाकट्या भावंडांसह म्हाताऱ्यांपाशी राहतो, नाहीतर कोयत्याची जोडी पुरी करायला सोबत जातो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजर लागत राहते. पेपर राहतात. एटीकेटीमुळे पुढचा वर्ग मिळू शकतो, पण वर्गात ओळखीचे कोणी उरलेले नसते. या मुलाला कच्चा म्हणणे अन्यायाचे आहे.

मुलींच्या बाबतीत निर्णायक काळ उन्हाळ्याचा. दुसऱ्या सत्राची परीक्षा संपून एसवायचा प्रवेश सुरू होईपर्यंत लग्नसराई असते आणि त्याच वर्षी बहुतेकींना अठरा पूर्ण होतात, म्हणजे कायद्याची आडकाठी नेमकी तेव्हा दूर होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात वीस ते चोवीस वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण पुष्कळ वर आहे. जी मुलगी वर्षभर नियमित कॉलेजला गेली, जिच्या निकालाची वाट घरातले पाहत आहेत, तिला ‘पदवी होऊ द्या, मग बघू’ म्हणता येते. जी नुसती परीक्षेपुरती गेली, तिच्यासाठी हे वाक्य बोलणार कोण?

यावर गंभीर आक्षेप असा की सोडणे म्हणजे दरवेळी नुकसान नव्हे. कोणी आयटीआयला जातो, कोणी नर्सिंगला, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो, कोणी जालन्याच्या सळई कारखान्यात कामाला. नव्या शैक्षणिक धोरणाने तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली. ठरवून जाणाऱ्याला ही सोय उपयोगाची आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण त्या प्रमाणपत्रासाठी वर्षाची ४० ते ४४ श्रेयांक मिळवून वर चार श्रेयांकांचे कौशल्यकाम करावे लागते. वेचणीच्या दिवसांत पेपर हुकलेल्याकडे तेवढे नसते. तो प्रमाणपत्राविनाच जातो, आणि ‘बाहेर पडण्याचा पर्याय’ या शब्दांखाली त्याचे जाणे झाकले जाण्याची भीती खरी आहे.

उपाय नवे शोधावे लागत नाहीत. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू करताना डॉ. आंबेडकरांनी वसतिगृहाला शिक्षणाचाच भाग मानले, कारण विद्यार्थी कुठून येणार हे त्यांना ठाऊक होते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ पासून गरीब विद्यार्थ्यांसाठी प्रवासाचा पास, पुस्तकांची मदत आणि थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला मार्गदर्शक असा एकत्र कार्यक्रम चालवला. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. तिथला खर्च आपल्याला झेपणार नाही, हे मान्य. पण मोफत पास बारावीऐवजी पदवीपर्यंत नेणे राज्याला अशक्य नाही. कापूस आणि ऊस पाहून पहिल्या सत्राच्या परीक्षेची तारीख ठरवणे विद्यापीठाच्या हातात आहे. आणि महाविद्यालयाला तर आजही करता येईल: ऑगस्टअखेर हजेरीपट पाहून सलग पंधरा दिवस न आलेल्यांची गाववार यादी काढायची, प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस नावे द्यायची, घरी फोन करायचा. तोच फोन मे महिन्यात, एसवायचा अर्ज निघण्याआधी, पुन्हा करायचा.